सिस्टरांच्या गाडीतला पिवळा दिवा

सन्माननीय अध्यक्ष, म्हणजे आमच्या वर्कशॉपचे मालक. गुडघे दुखत असतानाही जिना चढून वर आलेल्या आजच्या प्रमुख पाहुण्या, आदरणीय सिस्टर. मान खाली घालून बसलेले, आज निवृत्त होणारे सत्कारमूर्ती, आमचे फोरमन. त्यांच्या शेजारी बसलेल्या आणि त्यांना मान वर करायला सांगणाऱ्या वहिनी. पार्टवाले, टायरवाले, रंगवाले. आमची जुनी गिऱ्हाइकं. आणि खुर्च्या कमी पडल्या म्हणून मागे भिंतीला टेकून उभे असलेले माझे सहकारी बंधुभगिनी, आपणा सर्वांना माझा नमस्कार.

मला बोलायची सवय नाही, असं म्हणून सुरुवात करायची पद्धत आहे. माझं उलट आहे. मी काउंटरवर बसते. गाडी कधी मिळेल, अजून का झाली नाही, परवा आवाज येत नव्हता तो आज कुठून आला, ह्याची उत्तरं सकाळपासून देत असते. तेव्हा बोलून बोलून दमलेलं एक माणूस तुमच्यापुढे उभं आहे, एवढं ध्यानात घ्या. आजही मला मागच्या रांगेत चपला काढून बसायचं होतं. पण मालक म्हणाले, "तुम्ही रोज बोलता, तुम्हीच बोला." आता मालकांना नाही कसं म्हणणार?

फोरमनना वर्कशॉपमध्ये सगळे बघूकाका म्हणतात. वहिनी, हसू नका, तुम्हाला ठाऊक आहे. ब्रेक नीट लागत नाहीत, "बघू." सुट्टी हवी, "बघू." छपरातून पाणी गळतंय, "बघू." मुलीचं लग्न ठरलं म्हणून मी आनंदाने सांगायला गेले, तर ह्यांच्या तोंडून निघालं, "बघू." मग जीभ चावून म्हणाले, "अभिनंदन." असा हा माणूस. गोड बोलणं नाही, गिऱ्हाइकाला चुचकारणं नाही. त्यांच्या वाट्याचं गोड बोलणं इतकी वर्षं मीच काउंटरवर बसून उरकलं.

त्यांची कामगिरी किती, इंजिनं किती उघडली, ते मालक सांगतीलच. मी एकाच गाडीची गोष्ट सांगणार आहे. ती गाडी सिस्टरांची. त्यांची परवानगी मी फोनवर घेतली आहे. त्या म्हणाल्या, "सांग. पण सगळं सांग. अर्धं सांगून मला फार शहाणी ठरवू नकोस."

सिस्टरांची ओळख तशी सांगायला नको, पण नव्या मंडळींसाठी सांगते. ह्यांची सगळी नोकरी ऑपरेशन थिएटरमध्ये गेली. सर्जनने हात पुढे केला की न मागता हवं ते हत्यार त्याच्या तळहातावर ठेवायचं, हे ह्यांचं काम. त्यांचे यजमान उद्यानखात्यात होते. शहरातल्या निम्म्या बागांची कुंपणं त्यांच्या देखरेखीखाली वाढली. दोघंही निवृत्त झाले, आणि आता जरा निवांत बसू म्हणेपर्यंत यजमानांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली. वाचा गेली. डावा हात तेवढा राहिला. व्यायामासाठी त्यांना आठवड्यातून ठरावीक दिवशी हॉस्पिटलमध्ये न्यायला लागे, आणि न्यायच्या त्या सिस्टरच. स्वतःच्या गाडीतून, स्वतः चालवत.

एक दिवस त्या काउंटरवर आल्या. म्हणाल्या, "स्टिअरिंगचा पिवळा दिवा लागतो. शेजारी उद्गारचिन्ह असतं. आणि स्टिअरिंग एकदम जड होतं."

"केव्हा लागतो?"

"हॉस्पिटलच्या चढावर वळताना."

"दर वेळी?"

"नाही हो, कधीकधी. गाडी बंद करून परत चालू केली की दिवा जातो. मग काहीच नाही."

आमच्या धंद्यात ह्या 'कधीकधी'सारखा वैरी नाही. मोडलेली वस्तू मोडलेली दिसते. कधीकधी मोडणारी वस्तू आमच्यासमोर आली की साळसूदपणे वागते, आणि गिऱ्हाईक खोटं पडतं.

हल्लीच्या गाड्यांत स्टिअरिंग वळवायला एक विजेची मोटर हातभार लावते. तिला काही खुपलं की पिवळा दिवा लागतो आणि ती हात काढून घेते. स्टिअरिंग वळतं, पण जात्यासारखं. आमच्या इलेक्ट्रिशियन, ज्यांना आपण वायरताई म्हणतो, त्यांनी मशीन लावून पाहिलं. गाडीच्या आतल्या कॉम्प्युटरने सांगितलं, मध्ये कधीतरी व्होल्टेज कमी पडलं होतं. वायरताई म्हणाल्या, "काका, वीज कमी पडतेय." काका म्हणाले, "बॅटरी नुकतीच बदललीय. बॅटरी काढता-घालताना असली नोंद राहतेच आत. पुसून टाक." नवी बॅटरी मोजली, उत्तम. चार्जिंग मोजलं, उत्तम. काकांना मोटरचा संशय. त्यांनी डॅशबोर्डच्या खाली डोकं घालून मोटरची सगळी जोडणी तपासली. गाडी आवारात फिरवली, बाहेर फिरवली, फ्लायओव्हरवर नेऊन आणली. दिवा काही लागला नाही. गाडी दिली.

सिस्टर परत आल्या. परत तेच. परत आम्ही "काही सापडलं नाही" म्हणून गाडी दिली. खरं सांगते, दुसऱ्या खेपेला त्यांना फाटकातून येताना पाहिलं तेव्हा मी चहा सांगायच्या निमित्ताने आत पळाले. माणसाला "काही नाही" म्हणून परत पाठवणं फार थकवतं. त्यापेक्षा दोन शिव्या खाल्लेल्या परवडतात.

तिसऱ्या खेपेला त्यांच्याबरोबर त्यांची लेक होती. दुसऱ्या गावाहून मुद्दाम आली होती, कारण त्या चढावर स्टिअरिंग ऐनवेळी जड झालं आणि गाडी खांबाला घासली...

काय म्हणालात सिस्टर? बरं, बरं. खांबाला नाही, कठड्याला. दुरुस्ती मान्य आहे.

तर गाडी कठड्याला घासली. कुणाला लागलं नाही. पण दरवाजावर लांबलचक ओरखडा. सिस्टर यजमानांपाशी गाडीतच थांबल्या आणि लेक एकटी आत आली. काकांना बाजूला घेऊन बोलली. काउंटरच्या बाजूलाच घेतलं, तेव्हा मला ऐकू येणारच.

ती म्हणाली, "काका, गाडीला काही झालेलं नाही ना?"

"अजून सापडलेलं नाही."

"सापडणार नाही. आईचे हात गेलेत आता. ती कबूल करत नाही. तुम्ही एक करा, गाडी दुरुस्त होण्यासारखी नाही, असं सांगा तिला. तुमचं ऐकेल ती. माझं ऐकत नाही."

काका फडक्याला हात पुसत राहिले.

"खोटं बोला असं सांगायला मला बरं वाटत नाहीये. पण उद्या दोघं एकदम जातील हो माझी. फोन उशाशी घेऊन झोपते मी."

तिला कुणी नावं ठेवू नका. मी घरी सासूबाईंचं करते. बाथरूममधून जरा आवाज आला की हातातलं टाकून धावते. तेव्हा त्या पोरीचं मला मनापासून पटलं होतं. मी मनात म्हटलं, सांगून टाका एकदाचं. सगळेच सुटतील. सिस्टर सुटतील, लेक सुटेल आणि आम्हीही सुटू.

आणि ह्या गृहस्थांनी काय उत्तर दिलं असेल?

"बघू."

ती बिचारी रडकुंडीला आली. काका बाहेर गेले आणि सिस्टरांच्या खिडकीपाशी वाकून म्हणाले, "पुढच्या वेळी हॉस्पिटलला जाल तेव्हा इथून जा. मी बरोबर येतो."

ठरलेल्या दिवशी गाडी आली. सिस्टर चालवायला. यजमानांना काकांनी आणि वायरताईंनी उचलून मागच्या सीटवर बसवलं, कारण काकांना पुढे बसून स्टिअरिंगवर नजर ठेवायची होती. वायरताई मागे, मांडीवर मशीन. गेले आणि आले. दिवा लागला नाही. चढ चढले, वळले, परत वळले. लोण्यातून सुरी गेल्यासारखं स्टिअरिंग.

परत आल्यावर सिस्टर बाकावर बसल्या. मी पाणी दिलं. त्यांनी ग्लास हातात धरला आणि त्याच्याकडे बघत राहिल्या. मग मला म्हणाल्या, "घरी मी काठोकाठ भरलेला ग्लास धरून उभी राहते. हात थरथरतो का बघते. नाही थरथरत गं. पण आता मलाच वाटायला लागलंय, थरथरत असेल आणि मला दिसत नसेल."

मी म्हटलं, "चहा सांगू का?"

काका तिथेच उभे होते. त्या दिवशी तेही थकलेले दिसत होते. पाठ धरली होती त्यांची. मला वाटलं, आता हे हरले. तेवढ्यात त्यांनी विचारलं, "सिस्टर, एरवी साहेब कुठे बसतात?"

"पुढे. माझ्या शेजारी. त्यांना पाय लांब करता येतात तिथे."

"मग आज आपण नेहमीसारखे गेलोच नाही. परत जायचं. सगळे आपापल्या जागी."

पुढच्या खेपेला यजमान पुढे बसले. काका मागे. वहिनी, तुमच्या ह्यांची उंची तुम्हाला माहीत आहे आणि ती गाडी केवढीशी. गुडघे कानाला लावून बसले होते म्हणे. हॉस्पिटलचं फाटक आलं, चढ आला, सिस्टरांनी वळण घेतलं आणि भपकन पिवळा दिवा.

"बघा! बघा, लागला!" सिस्टर ओरडल्या. बिघाड झाल्यावर एवढं खूश झालेलं माणूस आपण आयुष्यात पाहिलं नाही, असं वायरताई सांगतात.

गाडी चढावर अडकली. मागे हॉर्न. काका म्हणाले, "ब्रेक दाबून ठेवा. इंजिन बंद करू नका." वायरताई मशीनकडे बघून म्हणाल्या, "काका, व्होल्टेज पडलंय. अजून पडलेलंच आहे."

आणि मग काकांनी स्टिअरिंगकडे बघायचं सोडून माणसांकडे बघितलं.

यजमान डावीकडे तोंड करून बसले होते. त्यांच्या बाजूची काच पूर्ण खाली गेलेली, तरी चांगल्या हाताचं बोट खिडकीच्या बटणावर घट्ट दाबलेलंच. बाहेर हॉस्पिटलची बाग. तिथलं कुंपण त्यांनी कधीकाळी लावून घेतलेलं, आणि हल्ली कुणीतरी ते कसंही वेडंवाकडं छाटलेलं. ते बघून हा माणूस घशातून गुरगुरत होता. बोलता येत नाही, उतरता येत नाही, तर निदान काच खाली करून रागवायचं. ज्या दिवशी कुंपण छाटलेलं दिसे त्या दिवशी राग जास्त. एरवी नुसतंच बघणं.

काका म्हणाले, "साहेब, जरा बोट काढा."

बोट काढलं. वायरताई म्हणाल्या, "चढलं."

"आता परत दाबा."

"पडलं!"

तर घोटाळा असा होता. बॅटरीपासून गाडीच्या पत्र्याला एक जाड काळी वायर जोडलेली असते, तिला आम्ही अर्थिंग म्हणतो. सगळ्या गाडीची वीज तिच्यातून परत येते. वर्कशॉपमध्ये आणून बॅटरीखालचा ट्रे काढला, तर वायरचं टोक खालच्या बाजूने गंजून पांढरं पडलेलं. वरून बोल्ट घट्ट, चकचकीत. थोडं काम असेल तोवर ती वायर वेळ निभावून न्यायची. पण चढावर, हळू वेगात, पूर्ण वळण घेताना स्टिअरिंगची मोटर भरपूर वीज ओढते. त्यात काच खाली जाऊन अडलेली, बटण दाबलेलं, म्हणजे काचेची मोटरही वीज ओढतेय. सगळं एकदम आलं की त्या गंजलेल्या वायरला झेपेना. स्टिअरिंगला वीज पुरेना. दिवा.

वायरताई म्हणाल्या, "काका, मी पहिल्याच दिवशी..."

"हो. तू म्हणाली होतीस. मी ऐकलं नाही."

एवढंच. मी इतकी वर्षं ह्या माणसाबरोबर काम केलं, पण असं चारचौघांत बोलताना एकदाच पाहिलं. वायरताई मागे उभ्या आहेत, विचारा त्यांना. तेव्हापासून त्यांच्या मशीनने काही सांगितलं की काका खुर्ची ओढून शेजारी बसायचे.

वायर बदलली, पत्रा घासून स्वच्छ केला. मी आपली शहाणपणा करायला गेले. म्हटलं, "त्यांच्या बाजूचं बटणच काढून टाका ना. कटकट नको." काका म्हणाले, "मग त्यांनी बाग कुठून बघायची?"

लेकीला कळवलं. ती आली, आणि नुसत्या सांगण्यावर विश्वास ठेवणारी नव्हती, आईचीच मुलगी. स्वतः पुढच्या सीटवर बसली, आईला त्या चढावर न्यायला लावलं, बटण दाबून धरलं आणि चार-पाचदा वळणं घ्यायला लावली. दिवा लागला नाही. परत आली तेव्हा डोळे लाल होते. म्हणाली, "ठीक आहे आई. पण गर्दीच्या वेळी नको." सिस्टर म्हणाल्या, "बरं." आईने लेकीला इतक्या पटकन बरं म्हटलेलं त्या घरात प्रथमच घडलं असावं.

आता इथे थांबले तर टाळ्या मिळतील, हे मला कळतं. मालक घड्याळाकडे बघताहेत, तेही दिसतंय. पण सिस्टरांनी सगळं सांगायला सांगितलं आहे.

त्यानंतर काही वर्षं त्यांनी गाडी चालवली. सर्व्हिसिंगला यायच्या, माझ्याशी बोलायच्या, जायच्या. मग एकदा मधेच आल्या. यजमान गाडीतच होते. म्हणाल्या, "काका, परत जड झालंय."

"दिवा?"

"दिवा लागत नाही. पण जड आहे. वळणावर उशीर होतो."

काकांनी यजमानांना उतरवून बाकावर बसवलं आणि गाडी आत घेतली. आणि मी काउंटरवरून बघत होते, ह्या माणसाने त्या गाडीचं काय काय पाहिलं नाही! मशीन लावलं. अर्थिंग सोडून परत जोडलं. टायरमधली हवा मोजली. गाडी वर उचलून पुढची चाकं एकेक करून हाताने वळवून पाहिली, खालचे सांधे, रबरं, सगळं. स्वतः चालवली. वायरताईंना चालवायला दिली. परत स्वतः चालवली. एरवी दोष सापडला नाही की माणूस चिडतो. त्या दिवशी ते विनवणी केल्यासारखे शोधत होते. काहीतरी गंजलेलं मिळू दे, काहीतरी तुटलेलं मिळू दे. वायरताई हळूच म्हणाल्या, "काका, झालं आता." तरी ते परत एकदा गाडीखाली गेले.

मग हात पुसत बाकापाशी आले. सिस्टर उठून उभ्या राहिल्या.

"सापडलं?"

"नाही."

"नाही म्हणजे?"

"गाडी ठीक आहे, सिस्टर."

मी संगणकात तोंड खुपसलं. पडद्यावर काय होतं, मला आठवत नाही.

सिस्टर म्हणाल्या, "नीट पाहिलंत?"

"तुम्हाला माहीत आहे मी कसं पाहतो."

"हो," त्या म्हणाल्या. "माहीत आहे."

एक किल्ली काकांकडे होतीच, त्यांनी पर्समधून दुसरी काढली. ती काकांच्या हातात ठेवली, अगदी तळहातावर, आणि काकांची बोटं मिटेपर्यंत आपला हात तसाच खाली धरला. म्हणाल्या, "आज घरी सोडाल का आम्हाला?"

यजमानांना पुढे बसवल्यावर त्या गाडीपाशी गेल्या, सवयीने ड्रायव्हरचा दरवाजा उघडला आणि तशाच उभ्या राहिल्या. मग दरवाजा हलकेच लावला आणि मागे जाऊन बसल्या. आपल्याच गाडीच्या मागच्या सीटवर त्या कधी बसल्याच नव्हत्या. पट्टा कुठून ओढायचा ते त्यांना सापडेना. काकांनी उतरून लावून दिला. गाडी फाटकाबाहेर गेली आणि मी वाजत असलेला फोन उचलला.

यजमान आता नाहीत. गाडी लेकीकडे आहे. सिस्टर आज बसने आल्या.

परवा त्यांना निमंत्रणाचा फोन केला तेव्हा मी विचारलं, "सिस्टर, त्या दिवशी काकांचा राग नाही आला?" त्या म्हणाल्या, "अगं, गाडी सोडा असं डॉक्टर म्हणाला असता तर मी भांडले असते. लेक म्हणत होती तेव्हा भांडलेच होते की. पण सगळे माझ्या हातांना नावं ठेवत होते, तेव्हा हा एक माणूस गाडीत गुडघे मुडपून माझ्याबरोबर आला होता. तो गाडी ठीक आहे म्हणाला, तर गाडी ठीकच असणार. मग मला माझ्या हातांकडे बघता आलं."

आता तुमच्याशी बोलते, काका. उद्या फोन येईल, "कधीकधी आवाज येतो." मी सवयीने तुमच्या जागेकडे मान वळवेन. तिथे दुसरं कुणी असेल, चांगलंच असेल, आणि मी त्यांना हाक मारायला शिकेन. माणूस शिकतो. पण दमछाक होते हो. तुम्ही आता घरी बसा, पाठ शेका आणि वहिनी काय सांगतील त्याला निदान अधूनमधून तरी हो म्हणा.

हा कार्यक्रम घडवून आणल्याबद्दल मालकांचे, वेळात वेळ काढून आल्याबद्दल सिस्टरांचे, इतकी वर्षं हा माणूस आम्हाला दिवसभर उसना दिल्याबद्दल वहिनींचे, आणि पाय दुखत असताना उभं राहून ऐकल्याबद्दल मागच्या मंडळींचे मी मनापासून आभार मानते. बोलता बोलता कुणाचा मान राखायचा राहिला असेल, कुणाचं नाव राहून गेलं असेल, कुठे शब्द घसरला असेल, तर तो दमलेल्या जिभेचा दोष समजा आणि पोटात घाला. चहा तयार आहे. सिस्टरांना आधी द्या.

नमस्कार.